चहाच्या रंगाचं पाणी

आमच्या घरात मासे आले ते एका लाकडासाठी. लोक आधी मासे आणतात आणि मग त्यांच्या टाकीत शोभेला काहीबाही ठेवतात. बाबांचं सगळं उलटं. आई गेल्यानंतर एकदा गॅलरी आवरताना रिकाम्या कुंड्यांच्या मागे त्यांना ते सापडलं. हातभर लांब, पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेलं, एका टोकाला दोन फाटे फुटलेलं. बाबांच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला आई-बाबा हरसूलला गेले होते. परतताना गाडी एका ओढ्यापाशी थांबली तेव्हा आईने ते कोरड्या पात्रातून उचललं आणि नाशिकपर्यंत मांडीवर घेऊन बसली. 'याचं काहीतरी करू,' असं म्हणून तिने ते गॅलरीत ठेवलं आणि विसरून गेली. 'काहीतरी करू' म्हणून ठेवलेल्या आईच्या वस्तू घरात पुष्कळ होत्या. निम्म्या स्वेटरची लोकर होती, फुटक्या काचेच्या बांगड्यांचा डबा होता, आणि एका काकूंनी दिलेलं, कशाचं ते आता कुणालाच माहीत नसलेलं बी होतं. त्या वस्तूंना बाबांनी हात लावला नाही. लाकडाचं मात्र काहीतरी करायचं त्यांनी मनावर घेतलं.

आम्ही नाशिकरोडला क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा नोटांच्या प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ती गॅलरी. बाहेरच्या खोलीत, जिथे आईचं शिवणयंत्र होतं, तिथे एका रविवारी काचेची टाकी आली. नाशिकच्या शालिमार चौकाजवळच्या दुकानातून बाबांनी ती रिक्षात स्वतःच्या पायांवर ठेवून आणली. मग वाळू आली, हवेचा पंप आला, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नारिंगी मासे आले. पंप सुरू झाला तसा घरात एक आवाज सुरू झाला, गुरगुर आणि बुडबुड यांच्या मधला. आई गेल्यापासून घरात आवाज असा नव्हताच. भांडी हळू ठेवली जायची, रेडिओ कुणी लावायचं नाही, धाकटी बहीण नंदासुद्धा धडा मनात वाचायची. पंपाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं, तो आपला दिवसभर चालायचा. मला तो आवडायचा असं म्हणवत नाही, कारण त्या दिवसांत मला काही आवडत नव्हतं आणि नावडतही नव्हतं. पण तो होता.

लाकूड पाण्यात घातल्यावर तीन-चार दिवसांतच पाणी पिवळं पडलं, आठवड्याने विटकरी झालं. बाबांनी पाणी बदललं, ते पुन्हा तसंच झालं. मग दुकानदाराने सांगितलं की लाकूड उकळून घ्या. घरात एवढं मोठं भांडं एकच होतं, दिवाळीच्या चकल्यांची भाजणी आई ज्यात कालवायची ते पातेलं. त्यात लाकूड मावेना. एक टोक बुडालं की दुसरं वर यायचं. बाबा रविवारची अख्खी दुपार गॅसपुढे उभे राहून ते उलटंपालटं करत राहिले. घरभर ओल्या सालीचा, थोडासा काढ्यासारखा वास भरला. पातेल्यातलं पाणी काळंभोर झालं, बाबांनी ते मोरीत ओतलं, दुसरं घातलं, तेही काळं झालं. असं कितीतरी वेळा. एवढं करूनही टाकीत घातल्यावर बुधवारपर्यंत पाण्याला पुन्हा चहाचा रंग यायचा. 'माशांना त्रास नाही,' बाबा म्हणायचे. 'नुसता रंग आहे.' त्या महिन्यांत बाबांच्या तोंडून आम्ही ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य बहुतेक हेच असावं. ड्यूटीवरून आले की कपडे न बदलता टाकीपुढे स्टुलावर बसायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, ताटात असेल ते संपवायचे, काय खाल्लं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

परवा मुलाकडे पुण्याला गेले होते. त्याच्याही घरात टाकी आहे आणि तिच्यातही लाकूड आहे, दुकानातून विकत आणलेलं. तिचं पाणी तसंच तांबूस. मी न राहवून म्हटलं, 'अरे, रंग सुटतोय.' तो हसला. म्हणाला, 'मुद्दाम ठेवलंय गं. लाकडातलं टॅनिन असतं ते, काही माशांना असंच पाणी लागतं. ज्याला नको असेल तो कोळशाचा फिल्टर लावतो.' मी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसले. बाबांना हे शब्द माहीत नव्हते, पण नुसता रंग आहे हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आमचं घर तेव्हा आत्याच्या हातात होतं. ही बाबांची थोरली बहीण, देवळा गावची. आईचे दिवस झाल्यावर सगळे पाहुणे गेले आणि आत्या राहिली. 'महिनाभर ऱ्हाते' म्हणाली होती, पण तिकडे तिच्या सुनेच्या हाती संसार सोपवून ती पावसाळ्यापर्यंत आमच्याकडेच होती. तिच्याबरोबर कांद्याचं पोतं आलं. ते बाबांच्या कॉटखाली पसरून ठेवलं होतं आणि रोज सकाळी एखादा सडका निघायचा तो ती वासावरून शोधायची. आईचं वरण गोडं, गुळाचा खडा घातलेलं. आत्याची आमटी काळ्या मसाल्याची, डोळ्यांतून पाणी काढणारी. नंदा पहिल्या दिवशी तिखटाने रडली आणि रडता रडता आईसाठी रडू लागली, मग तिला थांबवता येईना. मी तीच आमटी खाल्ली, माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, ते मी बाहीला पुसलं आणि अजून भाकरी घेतली. मी दहावीची परीक्षा दिली होती, निकालाची वाट पाहत होते, आणि आई गेल्यापासून एकदाही रडले नव्हते. शेजारच्या काकू आत्याला म्हणाल्या होत्या की पोरगी दगड झालीय, तिला रडवा. आत्याने त्यांना सुनावलं होतं, 'तिला काय कांदा हाय का, चिरला की रडंल?' पण ती माझ्याकडे चोरून बघायची, हे मला कळायचं.

आई कशाने गेली हे आम्हाला एवढंच माहीत होतं की तिला ताप आला होता. आम्ही दोघी शाळेत होतो, बाबा सकाळच्या पाळीला गेले होते, दुपारी काकूंनी दार ठोठावलं तर आतून कुणी उघडेना. त्या सकाळी बाबा घरातून निघताना काय झालं, हे आत्याने त्यांना किती प्रकारे विचारलं असेल. बाबा ऐकायचे आणि टाकीकडे बघायचे. मला भीती होती ती याचीच. आई गेली होती, ते मी दगडासारखं का होईना झेललं होतं. पण बाबा समोर असून जात चालले होते, आणि त्यांना धरून ठेवणारी एकच वस्तू घरात होती ती म्हणजे ती टाकी. म्हणून आत्या टाकीविषयी बोलू लागली की मी विषय बदलायला बघायचे.

आणि आत्या रोज बोलायची. 'आरे, हे काय पाणी हाय का? च्या हाय हा, च्या! आल्यागेल्यानं काय म्हनावं? घरात बाईमानूस नाय म्हनून गटार साठवलं?'

'नुसता रंग आहे, अक्का.'

'रंग हाय तर मंग काढ ना ते लाकूड! तेच रडतंय आत.'

'ते राहू दे,' बाबा म्हणायचे आणि विषय तिथे संपायचा. लाकूड कुणी आणलं होतं हे आत्याला मी सांगितल्यावर तिने लाकडाचं नाव काढलं नाही. पाण्याचं मात्र काढत राहिली.

ज्येष्ठात आत्याने खरी गोष्ट काढली. देवळ्याच्या एक बाई होत्या, शैलाताई, तिथल्याच शाळेत शिकवायच्या. वडिलांच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं होतं. भाऊ कांद्याचा व्यापारी, घरचं बरं. आत्याने सगळं जुळवत आणलं होतं. आम्हाला वाटलं बाबा नाही म्हणतील, निदान उठून जातील. ते म्हणाले, 'बघ तू.' तेवढंच. आत्याला तो होकार वाटला. मला त्यात काहीच ऐकू आलं नाही, होकारही नाही आणि नकारही नाही.

'वरसाच्या आत झालं तं झालं,' आत्या मला पोळ्या लाटताना समजावत होती, 'नायतर मंग तीन वरीस थांबा. तवर ह्यो मानूस ऱ्हाईल का सांग बरं? त्याच्या डोळ्याकडे पाह्यलं का तू? आन मी किती दिस ऱ्हाऊ, मंगल? माझं बी घर शे ना.' ती घाईत किंवा दुःखात असली की तिची बोली अशी अहिराणीकडे सरकायची. मी म्हटलं, 'हो आत्या.' मला शैलाताई नको होत्या असं नाही, हव्या होत्या असंही नाही. आखाड लागायच्या आत पाहुणे येऊन जायला हवेत म्हणून रविवार ठरला. शनिवारी बाबांची रात्रपाळी होती, ते रविवारी सकाळी येऊन अंघोळ करतील, दहा-अकरापर्यंत पाहुणे, मग पोहे, चहा, बोलणं.

त्या आठवड्यात वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि नळाला मातकट पाणी येत होतं. नाशिकच्या बायकांना हे नवं नाही. तुरटीचा खडा हंड्यात चार वेळा फिरवायचा, हंडा हलवायचा नाही, सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो आणि वर आरशासारखं पाणी मिळतं. आत्याचा खडा लिंबाएवढा होता, बाबांच्या दाढीच्या सामानातला लहान खडा तिला पुरायचा नाही. शनिवारी संध्याकाळी बाबा डबा घेऊन बाहेर पडले. मी आणि नंदा काकूंकडे कपबश्या मागायला गेलो. आमच्या कपांचे कान तुटले होते आणि पाहुण्यांपुढे ते न्यायचे नाहीत असं आत्याने बजावलं होतं. काकूंनी आम्हाला बसवून घेतलं, खायला दिलं, शैलाताईंविषयी खोदून खोदून विचारलं. परत आलो तेव्हा बाहेरच्या खोलीतला दिवा मालवलेला होता आणि आत्या स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. आम्ही आतल्या खोलीत झोपलो.

सकाळी मला जाग आली ती काहीतरी नाही म्हणून. काय नाही ते लगेच कळेना. दूधवाल्याची घंटा ऐकू येत होती, कुकरची शिट्टी येत होती, खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, हे सगळं रोजच्यापेक्षा स्वच्छ ऐकू येत होतं. मग लक्षात आलं, पंप बंद होता.

बाहेरच्या खोलीत आत्या अंघोळ करून, धुवट नऊवारी नेसून, टाकीपुढे कमरेवर हात ठेवून उभी होती. टाकीतलं पाणी इतकं स्वच्छ होतं की आत पाणी आहे हेच कळत नव्हतं. लाकूड जसं ओढ्यातून आणलं असेल तसं सगळं दिसत होतं, त्याच्या रेघा, फाट्याच्या बेचक्यातलं बारीक भोक. तळाच्या वाळूवर तपकिरी साका बसला होता. 'पाह्य,' आत्या खुशीत म्हणाली. 'लाकडाले हात नाय लावला मी. नुसती तुरटी फिरवली, चांगली बराच येळ. आन ते गुरगुरनारं बंद केलं, पानी हाललं की गाळ बसत नाय ना.' तिला मासे कडेला, पृष्ठभागापाशी, आडवे झालेले दिसत नव्हते असं नाही. तिला वाटलं ते झोपलेत.

नंदा किंचाळली. मी पंपाचं बटण दाबलं. बुडबुडे सुरू झाले, त्या बुडबुड्यांबरोबर मासे हलले आणि आत्या म्हणाली, 'पाह्य, जागे झाले.' मग एक मासा फिरत फिरत काचेजवळ आला, पोट आमच्याकडे करून, आणि तिला कळलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी खरं सांगते, काहीही नाही. मी फक्त घड्याळाकडे बघितलं आणि विचार केला की बाबा आता पुलापर्यंत आले असतील.

बाबा आले. चपला काढल्या, डबा ठेवला, सवयीने टाकीकडे वळले आणि उभे राहिले. मीच सांगितलं, जसं घडलं तसं. बाबांनी बाही वर केली, पाण्यात हात घातला, एकेक मासा ओंजळीत घेऊन मी पुढे केलेल्या वाटीत ठेवला. मग बोट जिभेला लावून बघितलं.

'आंबट झालंय,' ते म्हणाले.

आत्या खाली बसली. 'माझ्या हातानं गेले रे. माझ्या हातानं. चांगलं दिसावं म्हनून केलं रे भाऊ, तुझ्या घराचं चांगलं दिसावं म्हनून.' ती कपाळ बडवून घेऊ लागली. पाच पोरं वाढवलेली, दोन नातवंडं पुरलेली बाई, पण माशांसाठी अशी रडत होती की नंदा रडायची थांबून तिच्याकडे बघत राहिली.

बाबा तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिचे हात धरले. 'अक्का. अक्का, ऐक. चांगलं दिसत होतं ना सकाळी? पाणी स्वच्छ होतं ना?'

'व्हय रे.'

'मग तुला कसं कळणार?' त्यांनी तिचे हात सोडले नाहीत. 'तिचाही ताप उतरला होता. मी रात्री गोळ्या दिल्या, पहाटे अंगाला हात लावून बघितला तर अंग गार. घाम आला होता. मला वाटलं, बरी झाली. ती म्हणाली, आज नका ना जाऊ. मी म्हटलं, आता ताप कुठे आहे? झोप तू. आणि दार ओढून घेतलं आणि गेलो.' त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही, रेल्वेच्या वेळा सांगाव्यात तसं ते सांगत होते. 'तू मुद्दाम केलं नाहीस, अक्का.'

खोलीत पंप चालू होता. आत्या त्यांच्याकडे बघत होती, तिच्या मनात बहुधा अजून मासेच होते. मला मात्र एक गोष्ट अगदी साधी दिसत होती. बाबा जे आत्याला सांगत होते ते एवढ्या महिन्यांत त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, आम्हाला माहीतच नव्हतं. माझ्या हातात वाटी होती, ती कुठे ठेवावी ते सुचेना. वाटी धरूनच मी म्हटलं, 'बाबा, तुम्हीपण नाही केलंत मुद्दाम.'

बाबांनी मान वर केली. मी कोण आहे ते त्यांना आठवत असावं इतका वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. 'हो का?' ते म्हणाले, खरोखरच विचारल्यासारखं.

'हो,' मी म्हटलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. पाहुणे वेळेच्या आधी आले होते; देवळ्याहून निघणारी पहिली गाडी त्यांनी धरली असणार. आत्या धडपडत उठली, डोळे पुसले, माझ्या हातातली वाटी ओढून पदराखाली घेतली आणि 'पोहे भिजव, पोहे भिजव' म्हणत आत पळाली. दार बाबांनी उघडलं. बाही अजून वर, हात कोपरापर्यंत ओला, अंगावर रात्रपाळीचा शर्ट. दारात पांढऱ्या टोपीतले व्यापारी भाऊ, हातात पेढ्यांचा पुडा, आणि त्यांच्यामागे शैलाताई. उंच होत्या, साधी हिरवी साडी, एक चप्पल काढलेली, दुसरी काढायच्या बेतात.

'या' म्हणायचं सोडून बाबांनी हात जोडले. 'माफ करा,' ते म्हणाले. 'आज तुम्हाला आत बोलावता येणार नाही. घरात सुतक आहे.'

भाऊंनी पुडा मागे घेतला. 'अरेरे. कुनाचं हो?'

'माझ्या बायकोचं,' बाबा म्हणाले.

तेराही दिवस बाबा कार्यातल्या यजमानासारखे राबले होते. खुर्च्या आणल्या, भटजींना सोडून आले, आल्यागेल्याला पाणी विचारलं. त्यांच्या तोंडून हा शब्द तेव्हा आला नव्हता, तो आता आला. भाऊ गोंधळले. त्यांनी आतल्या दाराकडे, आत्या कुठे दिसते का ते बघितलं आणि म्हणाले, 'पन त्या तं मागेच...' शैलाताईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. काढलेल्या चपलेत त्यांनी पाय पुन्हा सरकवला.

सुतकाच्या घरातून निघताना आपल्याकडे 'येतो' म्हणत नाहीत. भाऊंनी सवयीने तोंड उघडलं, 'बरं मंग, येतो...' आणि दंडावरचा हात दाबला गेला तसे ते थांबले. शैलाताईंनी बाबांकडे बघितलं, मग नंदाकडे आणि माझ्याकडे. मान खाली घातली आणि एक अक्षर न बोलता जिना उतरू लागल्या. त्यांच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला तेव्हा मला रडू आलं.